शस्त्राची शक्ती वाढविल्याने हिंसा घटते काय?

हिंसा करू नये, हे सांगण्यास फारसा विचार लागत नाही. विचार लागतो तो पुढे. ज्याच्या धान्याच्या कोठीत उंदीर शिरले आहेत, ज्याने पिंजरा लावून पाहिला, मांजर पाळून पाहिले, आणि आता मारल्यावाचून गत्यंतर नाही असा ज्याचा निश्चय झाला आहे, त्याने मारावे तरी कसे, हा प्रश्न अहिंसेच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देता येईल काय? सोडून दिला तर त्या गृहस्थाला धर्माकडून काहीच उत्तर मिळत नाही, आणि मग तो बाजारात जे मिळेल ते उत्तर घेऊन येतो. म्हणून हा प्रश्न येथे विचारास घेतला आहे. निमित्त मात्र परदेशातील आहे.

इंग्लंड व अमेरिका या देशांत शेतावरील गोठे, कोंबड्यांची खुराडी आणि धान्याची कोठारे येथे तपकिरी उंदरांचा उपद्रव मोठा असतो. तेथील अनेक लोक हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने उंदीर मारतात. कित्येकांजवळ बंदुकीऐवजी त्याच जातीचे पिस्तूल असते. त्यांच्यापैकी काहींच्या मनात असा विचार येतो की, हे पिस्तूल दुर्बळ आहे, त्याची गोळी लागून उंदीर मरत नाही, जखमी होऊन बिळात शिरतो आणि तेथे तडफडत राहतो. तेव्हा याची शक्ती वाढविली, तर चार-पाच पावलांवरून एकाच गोळीत त्याचा अंत होईल आणि त्याचे हाल वाचतील. अर्थात शस्त्राची शक्ती वाढविणे ही येथे दयाच होय. हा पूर्वपक्ष. तो वरवर पाहता धर्मशून्य नाही, किंबहुना त्यात वेदनेची जाणीव आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा सावकाश केली पाहिजे.

प्रथम हे शस्त्र काय आहे ते समजून घेऊ. यात दारू नसते. दाबलेली स्प्रिंग सुटून किंवा कोंडलेली हवा, क्वचित कार्बन डायॉक्साइड वायू, मोकळा होऊन शिशाचा लहानसा छर्रा पुढे ढकलला जातो. छऱ्याचा व्यास बहुधा ४.५ किंवा ५.५ मिलिमीटर. त्याचा जोर वजन आणि वेग या दोहोंवर अवलंबून असतो. परंतु वेगाचा वाटा वर्गाच्या प्रमाणात असतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे ८ जूल भरते. ही ऊर्जा दुप्पट करावयाची असेल, तर वेग दुप्पट करावा लागत नाही, सुमारे १.४ पट केला की पुरे. इंग्लंडच्या कायद्याने हवेच्या पिस्तुलाला ६ फूट-पौंडांची, म्हणजे सुमारे ८ जुलांची मर्यादा घातली आहे, आणि हवेच्या बंदुकीला १२ फूट-पौंडांची, म्हणजे सुमारे १६ जुलांची. १९८८ सालापासून ऑलिंपिकमध्ये १० मीटर अंतरावरील जी पिस्तुलाची स्पर्धा होते, आणि जिच्यात २०२४ साली पॅरिस येथे मनू भाकर हिने कांस्यपदक मिळविले, तिच्यातील पिस्तूल याच जातीचे. तेथे लक्ष्य कागदाचे असते. कागदाला वेदना नाही, म्हणून तेथे कौशल्याचा प्रश्न आहे, धर्माचा नाही. लक्ष्याच्या जागी प्राण आला की तेच कौशल्य धर्माच्या न्यायासनापुढे उभे राहते.

आता पूर्वपक्षातील पहिला धागा पाहू: शक्ती वाढली की मृत्यू त्वरित येतो. हे खरे आहे काय? ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, त्यांचा अनुभव निराळे सांगतो. उंदराला तत्काळ मृत्यू यावयाचा, तर छर्रा मस्तकातील एका नाण्याएवढ्या जागी लागला पाहिजे. तेथे लागला तर थोडी शक्तीही पुरते; पोटात किंवा मागल्या पायात लागला तर दुप्पट शक्तीही जखमच करते, फक्त अधिक खोल करते. म्हणजे येथे निर्णायक गोष्ट नेम आहे. आणि पिस्तूल हे हातात अधांतरी धरावयाचे शस्त्र. बंदुकीप्रमाणे त्याला खांद्याचा आधार नाही, नळी आखूड, हात कापरा. त्यातही स्प्रिंगच्या पिस्तुलात स्प्रिंग बळकट झाली, की सुटताना बसणारा हिसकाही वाढतो, आणि त्या हिसक्याने नेम ढळतो. ज्या हाताला आधीच नाण्याएवढी जागा साधत नव्हती, त्या हाताला वाढलेल्या शक्तीने ती अधिकच दुरावते. तेथील जाणती माणसे म्हणूनच सजीव लक्ष्यासाठी पिस्तूल हे मुळात अयोग्य साधन समजतात आणि ज्या अंतरावरून प्रत्येक छर्रा त्या नाण्याएवढ्या जागी पडेल याची खात्री नाही, त्या अंतरावरून चाप ओढू नये असा दंडक सांगतात. गोठ्यातील अंधार, चळवळणारे जनावर, दगडी भिंतीवरून उलट फिरणारा छर्रा, पलीकडे बांधलेली गाय, हे सर्व हिशेबात घेतले म्हणजे शक्ती वाढविण्याने दयेचे प्रयोजन साधते हे म्हणणे टिकत नाही. दया हवी असेल तर हात स्थिर हवा, अंतर कमी हवे, आणि संशय असेल तेथे थांबण्याचे बळ हवे. ही तिन्ही बळे यंत्रात घालता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, की मग हा केवळ तांत्रिक दोष झाला. समजा नेम अचूक आहे, शक्ती भरपूर आहे, उंदीर क्षणात मरतो. मग तरी ही दया मानावी की नाही? हा खरा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर देण्यास एक प्रसंग फार उपयोगी पडतो. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते. उपाय थकले, तेव्हा महात्मा गांधींनी डॉक्टरांकडून विषाची सुई टोचवून त्याचा अंत करविला. देशभर गहजब झाला, संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गांधींनी आपली बाजू मांडली. परंतु त्याच वेळी त्यांनी माकडांचाही प्रश्न घेतला. आश्रमाच्या पिकांची माकडे नासाडी करीत होती, आणि त्यांना मारावे लागले तर ते कशात गणावे असा तो प्रश्न होता. त्यांचे उत्तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वासराचा अंत वासराच्या हितासाठी केला, म्हणून तो अहिंसेत बसू शकतो. माकडाला मारावयाचे ते आपल्या पिकासाठी, आपल्या स्वार्थासाठी, म्हणून ती हिंसाच, मग ती कितीही अपरिहार्य वाटो. गांधींचा वासराविषयीचा निर्णय सर्वांनाच मान्य होईल असे नाही. पण त्यांनी पाडलेला भेद मात्र नाकारता येत नाही.

हा भेद प्रस्तुत प्रश्नाला लावून पाहा. उंदीर व्याधिग्रस्त नाही. तो मृत्यू मागत नाही. त्याला मारावयाचे ते आपले धान्य, आपली कोंबडी, आपले आरोग्य राखण्यासाठी. तेव्हा त्याला जलद मारण्याने हिंसेचे अहिंसेत रूपांतर होत नाही. होते ते इतकेच, की हिंसेबरोबर जी दुसरी हिंसा, म्हणजे यातनेची, जोडली जाते, ती टळते किंवा कमी होते. ही गोष्ट लहान नाही. प्राण घेणे हा एक दोष आणि प्राण जाईपर्यंत पिळणे हा दुसरा दोष. पहिला टळत नसेल, म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीक मिळत नाही. परंतु दुसरा टाळला म्हणून पहिला पुण्यात जमा होत नाही. कर्जाचे व्याज चुकते केले म्हणजे मुद्दल फिटले असे कोणी मानीत नाही. येथे मात्र माणसाला तसे मानण्याचा मोह होतो.

जैन आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: आरंभी, म्हणजे स्वयंपाकपाण्यात घडणारी, उद्योगी, म्हणजे शेती-व्यवसायात घडणारी, विरोधी, म्हणजे संरक्षणासाठी करावी लागणारी, आणि संकल्पी, म्हणजे मारण्याच्या इच्छेनेच केलेली. पहिल्या तिन्ही गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाहीत, चौथी त्याने टाळलीच पाहिजे, अशी त्यांची व्यवस्था आहे. परंपरा निराळी असली, तरी ही विभागणी आपल्याला विचारास घेण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे एक सूक्ष्म गोष्ट उघडी पडते. कोठारातील उंदीर मारणे हे विरोधी हिंसेत आले. पण तोच गृहस्थ रात्री दिवा लावून, शस्त्र सज्ज करून, किती उंदीर पडले ते मोजू लागला, शेजाऱ्याला संख्या सांगू लागला, आणि उंदीर संपत आले याची त्याला खंत वाटू लागली, म्हणजे ती हिंसा केव्हा संकल्पी झाली हे त्याचे त्यालाही कळत नाही. शस्त्राची शक्ती वाढविण्याच्या उद्योगात हा धोका अधिक आहे. मनुष्य ज्या वस्तूवर परिश्रम करतो, तिचा उपयोग करून पाहण्याची त्याला उत्कंठा लागते. यंत्र सुधारले, की लक्ष्य हवे. मग उंदीर कमी पडले, तर पारवा आहे, खार आहे, कावळा आहे.

हे भय कल्पित नाही. भारताच्या ईशान्य भागात हवेच्या बंदुकांनी पक्ष्यांचा केवढा संहार झाला, हे त्या प्रांतांतील माणसेच सांगतात. २०२१ च्या मार्च महिन्यात अरुणाचल प्रदेश शासनाने लोकांनी आपल्या हवेच्या बंदुका आपण होऊन स्वाधीन कराव्यात अशी मोहीमच काढली, आणि गावोगावच्या लोकांनी त्या आणून दिल्या. त्या बंदुका घरात आल्या तेव्हा जंगल नि:शब्द करण्यासाठी आल्या नव्हत्या.

इंग्रजी कायद्यानेही या मर्यादेकडे हलकेपणाने पाहिलेले नाही. ६ फूट-पौंडांपलीकडे गेलेले हवेचे पिस्तूल तेथे बंदी असलेल्या शस्त्रांत मोडते. मग मालकाचा हेतू उंदीर मारण्याचा असो वा अन्य काही. स्कॉटलंडने तर २०१६ सालच्या अखेरीपासून हवेच्या साध्या शस्त्रांनाही परवाना आवश्यक केला. अमेरिकेत केंद्रीय कायदा अशा शस्त्रांना बंदुकीत गणत नाही, आणि म्हणून तेथे हा खटाटोप अधिक चालतो. कायदा हेतू पाहत नाही म्हणून त्याला अन्यायी म्हणण्याचे कारण नाही. हेतू मालकाच्या मनात असतो, शक्ती शस्त्रात असते, आणि शस्त्र ज्याच्या हाती जाईल त्याचे होते. घरातील मुलाच्या हाती ते पडले, तर बापाची उंदरांविषयीची दया त्याबरोबर जात नाही.

इतके झाल्यावर आता दुसऱ्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे. नाही तर हा लेख परदेशातील शिकाऱ्यांना बोल लावून आपण निर्दोष राहिल्याचे समाधान देईल. आपल्याकडे वासनिकांच्या घरी बंदूक नसते. काय असते? उंदराचे औषध असते. मराठी भाषेने या विषाला औषध म्हटले, याहून मोठा पुरावा आपल्या मनाच्या चलाखीचा कोणता द्यावा! १९४८ च्या सुमारास वॉरफरिन नावाचे विष उंदरांसाठी वापरात आले. पुढे त्याच जातीची अधिक जहाल विषे आली. यांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि प्राणी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मरण यावयास बहुधा काही दिवस लागतात. शेतात वापरतात त्या झिंक फॉस्फाइडचा पोटातील आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू निर्माण होतो. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तर भूक, तहान आणि भय यांनी कित्येक तास, कधी त्याहूनही अधिक काळ झिजत राहतो. पुष्कळदा स्वतःची कातडी ओरबाडून घेतो. या पुठ्ठ्यांचे क्रौर्य ओळखून इंग्लंडने २०२२ साली कायदा केला आणि ३१ जुलै २०२४ पासून परवान्यावाचून त्यांच्या वापरास बंदी आली. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेही राज्यांना या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत. तरी ते कपाटामागे सरकविलेले असतात, आणि सकाळी ते उचलून टाकण्याचे काम मोलकरणीला सांगितले जाते.

पातंजल योगशास्त्रात हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि मान्यता दिलेली अशी तीन प्रकारची सांगितली आहे, आणि तिन्हींचे फळ दु:खच म्हटले आहे. विषाची वडी ठेवून दिवा मालवणारा गृहस्थ आणि पाच पावलांवरून नेम धरणारा शेतकरी यांच्यात यातनेच्या मोजमापाने अधिक दोषी कोण, याचा नि:पक्ष विचार केला, तर उत्तर आपल्याला प्रिय होईल असे दिसत नाही. शेतकऱ्याला निदान आपण काय केले ते दिसते. विषाचे वैशिष्ट्य हे, की ते मरण दृष्टीआड करते. आणि ते एका जिवावर थांबत नाही: विष खाल्लेला उंदीर घुबड खाते. ब्रिटनमध्ये मृत सापडलेल्या कोठी-घुबडांची तपासणी केली असता बहुसंख्यांच्या शरीरात या विषांचे अंश आढळले आहेत. उंदरांचा जो नैसर्गिक नियंता, त्यालाच आपण विष चारतो, आणि मग उंदीर वाढले म्हणून अधिक विष आणतो.

उंदीर मुळीच मारू नयेत काय, असे येथे विचारले जाईल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा काय अनर्थ झाला, हे विसरता येत नाही. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत उंदरावरील पिसवांचा त्या रोगाशी असलेला संबंध दाखविला. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, त्यातही उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी कारण होते. ज्या शहरात रोग पसरतो आहे, तेथील नगरपालिकेच्या सेवकांना रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारण्यास नेमले जाते, त्यांना आपण आचारधर्माचा उपदेश करू लागलो तर ते हास्यास्पद होईल. आपल्याला नको असलेले काम ते आपल्यासाठी करतात, म्हणून त्या कामातील आपला वाटा आपण ओळखावा, एवढेच.

येथे म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना आठवेल. पारध्यांच्या भयाने पळालेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूतळी आश्रयास आला, आणि स्वामींनी तो पारध्यांच्या स्वाधीन केला नाही. ही लीळा उंदराच्या प्रश्नावर सरळ लावतात, तेव्हा एक गोष्ट निसटते. ससा रानात राहणारा. त्याने पारध्यांचे काही खाल्ले नव्हते. पारध्यांची हिंसा निव्वळ संकल्पी होती. आपल्या कोठीत शिरलेल्या उंदराचे तसे नाही. म्हणून या लीळेतून ‘उंदराला कधीच मारू नये’ असा नियम काढणे हे लीळेवर आपले मत लादणे होईल. परंतु तिच्यातून जे निश्चित निघते ते असे, की भ्यालेला जीव जवळ आला असता सज्जनाची पहिली प्रवृत्ती शस्त्राकडे नसते. पहिली प्रवृत्ती कोणती आहे, यावर येथे सर्व भिस्त आहे. ज्याची पहिली प्रवृत्ती ‘शक्ती कशी वाढवावी’ ही, त्याने आधीचे सर्व प्रश्न ओलांडलेले असतात.

ते आधीचे प्रश्न अगदी साधे आहेत. उंदीर येतो कोठून, आणि येतो कशासाठी? मोठा उंदीर सुमारे अर्ध्या इंचाच्या फटीतून आत येऊ शकतो, चिचुंद्रीएवढे लहान उंदीर त्याहून लहान फटीतून. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत वितें आणि एका वेळी सहा-सात, कधी दहा-बारा पिले देते. अन्न मोकळे आणि वाट मोकळी असताना रोज दोन-चार मारणारा मनुष्य जन्मभर मारीतच राहील. मेलेल्यांच्या जागी नवे येतील, कारण जागा त्याने रिकामी केली आणि अन्न तसेच ठेवले. म्हणजे ही हिंसा केवळ सदोषच नाही, निष्फळही आहे. इंग्लंडमधीलच जुने शेतकरी धान्याची कोठारे छत्रीच्या आकाराच्या दगडी खांबांवर उभारीत. वरचा गोल दगड बाहेर आलेला असल्याने उंदराला उलटे चढून वर जाता येत नसे. ज्या देशात आज पिस्तुलाच्या स्प्रिंगची चर्चा चालते, त्याच देशात हे दगड अद्याप उभे आहेत. बहुतेक ठिकाणी आता बागेची शोभा म्हणून. आपल्याकडे कणगी आणि पेव गेले, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्या आल्या, हे या दृष्टीने चांगलेच झाले. पण कोठी पत्र्याची आणि खरकटे रात्रभर मोरीत, असे असेल तर कोठीचा उपयोग किती?

वाट बुजविली, अन्न झाकले, घुबडाला व मांजराला विष चारणे बंद केले, आणि तरीही मारण्याचा प्रसंग आलाच, तर शेवटची शंका उरते. एकाने मारले, ते चुकले, जनावर जखमी होऊन बिळात गेले. आता मारणाऱ्याचे कर्तव्य काय? कित्येक म्हणतील, ते त्याच्या कर्माने गेले. हे उत्तर घेता येत नाही. त्याचे कर्म त्याचे. ही जखम आपल्या हाताची आहे. ज्याने ती केली त्याने दिवा घेऊन बिळाशी बसले पाहिजे, खणावे लागले तर खणले पाहिजे, आणि त्याची तळमळ आपल्या हाताने संपविली पाहिजे. त्या रात्री झोप मोडेल, अंगाला माती लागेल, जवळून पाहावे लागेल. ज्याला इतके करावयाचे नसेल, त्याने चाप ओढू नये, आणि विषाची वडीही ठेवू नये.